उरलेले सात

कितीतरी वर्षं कंबर दुखते म्हणून मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तर त्या कंबर सोडून भीतीचंच विचारत बसल्या. “दुखेल म्हणून वाकायला घाबरता का?” “छे! शिंपी आहे मी, घाबरून कसं चालेल?” तेवढ्यात गळ्यातली टेप घसरून खाली पडली. मी ती नेहमीप्रमाणे पायाने सोबत आलेल्या बायकोकडे सरकवली, तिने न बघताच उचलून दिली. बाईंनी टेप परत जमिनीवर ठेवली. “आता तुम्ही उचला. दहापैकी किती दुखेल?” “नऊ.” घाम फुटला, बायकोने डोळे मिटले, पण मी वाकलो. “किती दुखलं?” “दोन,” मी म्हणालो आणि गोंधळलो. मग उरलेले सात कुठले? बायकोकडे पाहिलं, तिलाही कळेना. आजवर माझं माप अर्ध्या इंचानेही चुकलेलं नाही. “थांबा, पुन्हा मोजतो,” म्हणत मी टेप खाली टाकली. बायको सवयीने वाकली. “तू सरक बाजूला.”