काजूला काय जाणवतं

मंदाकिनी राणेने लग्नाच्या वर्षी लावलेला काजू पिवळा पडत चालला होता. कृषी सहायक धुरी म्हणाले, "वहिनी, तोडा हा. नवं कलम देतो."

"आधी त्यालाच विचारते."

तिने झाडाचं जाणवणं माणसापर्यंत पोचवणाऱ्या जाणीवपट्ट्याचं एक टोक खोडाला बांधलं, दुसरं मनगटाला, आणि डोळे मिटले.

हळूहळू तिचे पाय मातीत खोल उतरत गेले. केसांतून ऊन झिरपलं. मोहोराचा गोड वास तिच्याच बोटांतून सुटू लागला. मग घोट्याच्या आत काहीतरी कुरतडू लागलं.

तिने दचकून डोळे उघडले. बुंध्याशी बसून तिने पटाशीने साल तासली. भुशासकट खोडकिड्याच्या पाच गलेलठ्ठ अळ्या बाहेर पडल्या.

धुरींनी अळ्या वेचून जखमेला औषध लावलं. गावोगाव पट्टे वाटूनही त्यांनी स्वतः तो कधी बांधला नव्हता. आज संकोचत बांधला आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले.

"काय जाणवतंय?" मंदाकिनीने विचारलं.

"तहान," ते पुटपुटले. "खूप तहान लागलीय, वहिनी."

त्यांनी डोळे उघडले तेव्हा ती कळशी घेऊन विहिरीकडे निघालीही होती.