सगळ्यांत जवळचा बिंदू

चहा निवायच्या आत ताईचा शोध संपला.

इतक्यात संपायला नको होता. हे डिजिटल कुलूप छोट्यानं, म्हणजे तिच्या धाकट्या भावानं बनवलेलं. दवाखान्यांतल्या रुग्णांची सगळी माहिती त्यात राहणार होती. उद्या क्वांटम संगणक आले की जुनी कुलुपं पटापट उघडतील, हे मात्र उघडणार नाही, असा दावा. अफाट जाळी, तिच्यात अगणित बिंदू. मधोमध उभं राहून सगळ्यांत जवळचा बिंदू हुडकला की किल्ली हातात. ताईचा प्रोग्रॅम तेवढंच करायचा. कुलूप पक्कं असेल तर त्यानं वर्षानुवर्षं हुडकत बसावं.

तिनं सापडलेले आकडे पाहिले. एक, उणे एक, एक, उणे एक, थेट शेवटपर्यंत. विणलेल्या टाक्यांसारखे. असे आकडे आपोआप पडत नाहीत. आपला प्रोग्रॅम डुलक्या तर काढत नाही ना, हे बघायला ती स्वतःच अधूनमधून असा बिंदू पेरायची. हातानं पेरलेलं तिला लगेच ओळखू यायचं.

म्हणजे चोरवाट. छोट्यानंच ठेवलेली, कुणाला तरी विकायला.

तपासणीला ताईच हवी, म्हणून तो तपासनीस नेमणाऱ्या समितीशी भांडला होता. तिला केवढा अभिमान वाटला होता तेव्हा! का भांडला ते आता कळलं. घरचं माणूस झाकून घेईल ना.

"काय दिवे लावलेस रे गाढवा," ती पडद्याकडे बघत पुटपुटली. आई गेल्यावर तिनं त्याला लहानाचं मोठं केलं, आणि त्यानं तिचाच केसानं गळा कापला. तिला रडूही येईना, इतका संताप झाला.

संध्याकाळी जेवताना छोट्या नुसता घास चिवडत होता.

"ताई, काही सापडलं?"

कामाचं घरात बोलायचं नाही, हा नियम त्याचाच.

"तुला रे कशाला चौकशा?"

"सहज."

"सहज विचारताना कान लाल होतात वाटतं?"

तो हसला. "तुझ्यापासून काही लपत नाही बघ."

वर तोंड करून हसतोय मेला! तिनं ताट बाजूला सारलं. "खरं सांग, माझ्यापासून काय लपवलंयस?"

त्यानं मान खाली घातली. "उद्या सांगतो. शपथ, उद्या सगळं सांगतो."

सकाळी ऑफिसात ती प्रमुख मॅडमच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरली. खरं सांगावं तर छोट्या तुरुंगात. न सांगावं तर रुग्णांची माहिती चोरांच्या घशात. शेवटी तिनं ठरवलं, आजच्या दिवस झाकायचं, आणि संध्याकाळी कान पिळून त्याच्याकडूनच भोक बुजवून घ्यायचं. कितीही झालं तरी पोटच्या पोरासारखा वाढवलेला.

ती आत गेली.

"काय निघालं?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. कुलूप पक्कं आहे."

"नीट शोधलंस?"

"कानाकोपरा."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बस जरा. तुला दिलं ते त्याचं खरं कुलूप नव्हतंच. बहीण भावाचं काम तपासणार म्हटल्यावर समितीनं नाकं मुरडली. तेव्हा त्यानंच हे दुसरं बनवलं, बिंदू स्वतःच्या हातानं पेरला, आणि भर बैठकीत म्हणाला, 'हे माझं खरं कुलूप म्हणून द्या तिला. चोर मी निघालो तरी ताई झाकणार नाही. झाकलंन तर माझी नोकरी काढून घ्या.'"