गाळलेली ओळ

गाडीवानाने पत्रक टेबलावर ठेवलं आणि फोटोवर बोट टेकवलं. "हा मी."

माहितीबाईंनी चष्मा वर सरकवला. प्राण्यांसाठी भांडणाऱ्यांना कायदे, नियम, डॉक्टरांची मतं, जे लागेल ते कपाटातून काढून देणाऱ्या या बाईंना खऱ्या नावाने कोणी हाक मारतच नसे. पत्रकही त्यांनीच केलेलं. ओझ्याने वाकलेली घोडी, मागे चाबूक उगारलेला माणूस, खाली या खोलीचा पत्ता. त्या माणसाला बाईंनी मनातल्या मनात शंभर शिव्या घातल्या होत्या. आता हा इथे तमाशा करणार, म्हणून त्यांनी हळूच फोन जवळ ओढला.

पण गडी भांडायला आलाच नव्हता. फोटो खरा आहे म्हणाला. घोडी आठ दिवस मागच्या पायाने लंगडतेय आणि उद्या सकाळी तिला विटांच्या गाडीला जुंपायचंय. गाडी थोरल्या भावाची, घरात शब्द चालतो तोही त्याचाच. लंगड्या जनावराबद्दल कुठे काही लिहिलेलं असलं, तर तो कागद हवा होता.

बाई चांगल्याच ओशाळल्या. फाइलीतून नियमाची प्रत काढून त्यांनी वाचायला घेतली. लंगडतं जनावर जुंपू नये. डॉक्टरने तपासून लिहून दिल्याशिवाय कामाला लावू नये. पुढच्या ओळीशी त्या अडखळल्या आणि ती गाळून एकदम तळाच्या सहीशिक्क्यावर आल्या. बिचारा आपल्या पायाने आलाय, त्याला कशाला घाबरवायचं?

गाडीवान कागदावर वाकला. एकेक अक्षर लावत बराच वेळ वाचत राहिला.

"एक ओळ राहिली, ताई."

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. बाईंनी ती वाचली. असं जनावर हाकणाऱ्यालाही मालकाइतकीच कैद. पण तुम्ही वेळेवर आलात, तुम्हाला कोणी हात लावणार नाही, असं त्या घाईघाईने समजावायला लागल्या. त्याचं लक्षच नव्हतं. टेबलावरचं लाल पेन उचलून त्याने त्यांच्यापुढे धरलं.

"हिच्याखाली जाड रेघ मारा," तो म्हणाला. "दादाला आजवर कधी नाही म्हटलेलं नाही मी. उद्या म्हणायचंय."