टाचेवरची पट्टी

डॉक्टरीणबाईंनी काकांच्या टाचेवरची नव्या प्रकारची पट्टी सोडवली आणि विचारलं, "काका, रोज किती चालत होता?"

"चालतायत कुठले?" काकू अभिमानानं म्हणाल्या. "महिनाभर जमिनीला पाय लागू दिला नाही मी. जेवणसुद्धा पलंगावर."

डॉक्टरीणबाईंनी जखमेवरून नजर उचलली. "अहो, ही पट्टी दाबानं काम करते. पाऊल पडलं की तिच्यात बारीकशी वीज तयार होते, त्या विजेनं जंतू मरतात. पडून राहिलं तर ती म्हणजे नुसतं फडकं. मी काकांना बजावलं होतं." मग हळूच म्हणाल्या, "जंतू आत पसरलेत. आता पाऊल कापावं लागेल."

काकूंना आठवलं. दुसऱ्याच दिवशी काका काठी घेऊन उठले होते. चालायला सांगितलंय, म्हणाले होते. "मधुमेहाची जखम घेऊन कुणी चालतं का?" म्हणत त्यांनीच काठी माळ्यावर टाकली होती.

हे सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात काका ओशाळं हसले. "हिला मी बोललोच नाही, डॉक्टर. आळस, दुसरं काय."

डॉक्टरीणबाई काकांना रागावू लागल्या. काका मान खाली घालून सगळं ऐकून घेत होते. आणि काकू गप्पच राहिल्या.