फ्लेक्सवरचा नवरा

एसटी स्टँडसमोर नवा फ्लेक्स चढत होता. त्यावर चंद्रकलाला आपला नवराच हसताना दिसला. शेजारी आमदार आणि खाली ठळक अक्षरं: ‘साहेबांची रुग्णवाहिका वेळेवर आली, म्हणून मी वाचलो!’

तिच्या अंगाची लाही लाही झाली. दोनच महिन्यांपूर्वी त्याच रुग्णवाहिकेची वाट पाहत त्याने तिच्या मांडीवर जीव सोडला होता. गाडी तेव्हा साहेबांच्या सभेसाठी खुर्च्या वाहत होती. आता मतं मागायला मेलेला माणूस जिवंत केला होता.

तिने समोरच्या फुलवाल्याकडून झेंडूचा हार घेतला, फ्लेक्सवाल्यांच्याच शिडीवर चढून नवऱ्याच्या फोटोला घातला आणि खाली उदबत्ती लावली. बघता बघता अख्खा बाजार गोळा झाला.

“वहिनी, हार काढा! साहेब येतायत,” एक कार्यकर्ता गयावया करू लागला.

“वाचला म्हणता ना? मग आणून सोडा घरी. लगेच काढते.”

तेवढ्यात आमदार गाडीतून उतरले. हार बघून त्यांचा चेहरा पडला. चंद्रकलाने जळती उदबत्ती त्यांच्या हातात दिली.

“ओवाळा, साहेब. सगळ्यांना दिसू दे.”

गर्दी वाट देईना. शेवटी आमदारांनी मान खाली घालून आपल्याच जाहिरातीला उदबत्ती ओवाळली.