गळ्याचं हाड शेवटी

मोरिओ दारावरचा पडदा सारून आत आला, आणि चिगुसाच्या हातातली नूडल्सची गाळणी उकळत्या पाण्यात तशीच राहिली.

"एक रामेन. मांस जास्त घाल," म्हणत तो तिच्या अगदी समोरच्या स्टुलावर बसला. "आणि तुझी पिशवी भर. गाडी चालूच ठेवलीय."

नवऱ्याच्या घरातून पळून येऊन ती या हायवेवरच्या दुकानात राबायला लागली, तेव्हापासून रोज रात्री तिने हे मनात पाहिलं होतं. मनातली चिगुसा दरवेळी किंचाळायची. आता आवाजच फुटेना.

मालकीण तोमेयो कांद्याची पात चिरत होती. तिची सुरी थांबली. कोपऱ्यातला इवासा, रोजचा ट्रकवाला, वाडग्यातून मान वर काढून बघू लागला.

चिगुसाने रामेनचं वाडगं पुढे ठेवलं. मोरिओने तिचं उजवं मनगट धरलं आणि हात रश्शात दाबला. रस्सा नुकताच उकळीवरून उतरवलेला. ती ओरडली नाही. ओरडलं की जास्त मिळतं, हे तिला त्यानेच शिकवलं होतं.

"गरम आहे ना? घरी कधी असं गरम वाढलं नाहीस."

इवासा उठला. "अहो, सोडा की त्यांना, हे काय..."

मोरिओने काउंटरवरची बिअरची बाटली उचलून त्याच्या तोंडावर हाणली. इवासा गुडघ्यांवर कोसळला. फरशीवर काच, रक्त आणि एक दात.

"फोनला हात लावलास म्हातारे, तर पुढची पाळी तुझी," मोरिओ तोमेयोला म्हणाला. बाटलीचा फुटका गळा त्याने शेजारी नीट ठेवला आणि त्याच वाडग्यातून नूडल्स ओढायला लागला.

पहाटे त्याची बोट मासेमारीला सुटणार होती. त्याआधी बायकोला घरात कोंडून यायचं, एवढाच बेत. बाकी हा बहाद्दर बोटीवर कुणी सापाचं नाव काढलं तर अपशकुन म्हणून त्याच्या कानफटात द्यायचा, आणि घरातून निघताना चुकून डावा बूट आधी घातला तर काढून पुन्हा घालायचा. समुद्रापुढे असली टरकणारी माणसं घरी आली की वाघ होतात.

त्याने चॉपस्टिकच्या काड्यांनी मांसाचा एक काप उचलला, फुंकर घालून निववला आणि तिच्या ओठांशी धरला.

"घे. तोंड उघड."

ही त्याची रीत होती. मारून झालं की आपल्या काड्यांनी घास भरवायचा. तिने तो खाल्ला की भांडण मिटलं, आणि बायको पुन्हा त्याची. आजवर तिने प्रत्येक वेळी तोंड उघडलं होतं, दात हलत असतानासुद्धा. आत्ताही ओठ आपोआप उघडले. तिला स्वतःचीच किळस आली.

भाजलेल्या हाताने तिने डब्यातून दोन काड्या काढल्या आणि तो काप त्यांत पकडला.

तोमेयोच्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. आमच्याकडे जपानात एकाच्या काड्यांतलं दुसरा कधी आपल्या काड्यांत घेत नाही. लहान पोराने घेतलं तरी हातावर फटका बसतो. तसं घेतात ते फक्त स्मशानात, राखेतून आपल्या माणसाची हाडं दोघांनी मिळून, पायापासून वर वेचताना.

"हे काय करतेस? सोड," मोरिओ म्हणाला.

"तुम्ही सोडा."

त्याची बोटं सैल पडली. तिने तो काप एका रिकाम्या वाडग्यात ठेवला.

"पायाचं झालं. पुढचं द्या." तिचा आवाज थरथरत होता, पण येत होता.

"डोकं फिरलंय तुझं? पहाटे बोट आहे माझी."

"म्हणून तर. समुद्रात गेलेल्याची हाडं हाती लागत नाहीत. आत्ताच वेचून ठेवते."

तो उठला. तिचे केस मुठीत धरून त्याने तिला काउंटरवर ओढलं आणि बाटलीचा फुटका गळा तिच्या मानेला लावला. काच रुतली. रक्ताची धार कॉलरमध्ये उतरली.

"पुन्हा बोल."

तिने काड्या वर नेल्या. त्याच्या गळ्याचं हाड दोन टोकांमध्ये हलकेच धरलं.

"गळ्याचं शेवटी उचलतात," ती म्हणाली. "ते मी एकटीच उचलीन."

मोरिओने आवंढा गिळला. हाड काड्यांच्या मधून वर गेलं, खाली आलं. त्याच्या हातातली काच गळून पडली. तो मागे सरला, स्टुलाला अडखळला आणि पडद्यात गुरफटत बाहेर गेला. गाडी बाहेर साचलेल्या बर्फात दोनदा घसरून मग रस्त्याला लागली.

तोमेयोने मूठभर मीठ उंबऱ्यावर फेकलं, स्मशानातून आल्यावर टाकतात तसं. दुकान बंद म्हणून पडदा आत घेतला, दाराला कडी घातली, पोलिसांना फोन केला. इवासाच्या तोंडाला टॉवेल लावला. दुसऱ्या टॉवेलने चिगुसाची मान बांधली. चिगुसा फरशीवर बसली होती, उजवा हात थंड पाण्याच्या बादलीत.

तोमेयोने चमच्यात थोडे नूडल्स घेतले, रश्शात बुडवले आणि तिच्या ओठांशी आणले.

"तोंड उघड, पोरी. दुपारपासून पोटात काही नाही तुझ्या."

चिगुसाने चमच्याकडे पाहिलं.

"इकडे द्या, मावशी," ती म्हणाली. "माझं मी खाते."

डाव्या हातातून निम्मं मांडीवर सांडलं. तोमेयो बघत राहिली, पण तिने चमचा परत मागितला नाही.