जुना पंप

पाणी कंपनीतला, अजून कायम न झालेला इंजिनिअर मोठ्या आशेने साहेबांच्या केबिनमध्ये शिरला. "साहेब, नवा पंप नको. जुन्याचं बेअरिंग बदललंय, आता दहा वर्षं बघायला नको!"

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले. "अरे बाबा, दर ठरवणारा आयोग आपल्याला नफा देतो तो गुंतवलेल्या भांडवलावर, टक्क्यांनी. नवा पंप घेतला तर नफा वाढतो. बेअरिंगवर काय मिळणार, कप्पाळ?"

महिन्याभरात त्याची बदली डोंगरापलीकडच्या टाकीवर झाली.

तो सामान बांधत असताना आई पाण्याचं बिल घेऊन करवादली, "पुन्हा दर वाढवले मेल्यांनी! काटकसर कळणारं एक तरी माणूस आहे का रे तुमच्या ऑफिसात?"

"होता एक," सुतळीला गाठ मारत तो म्हणाला.